धुराची वाट

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी; परंतु वडशाचा व्यापार त्या सीमारेषेने कधी विभागला गेला नाही. वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरी, अलीकडे वडसा. सरकारी दप्तरात गावाचे नाव देसाईगंज, रेल्वेच्या फलकावर वडसा, आणि व्यापाऱ्याच्या तोंडी दोन्ही. गोंदिया ते बल्लारशा या मार्गावर पूर्वी नॅरोगेजची गाडी धावे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि मालाची ये-जा वाढली. कुरखेडा, कोरची, आरमोरी या बाजूंचे धान येथील गिरण्यांत भरडले जाते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती, इतर वेळी बांबू आणि सागवान जंगलातून बाहेर पडते. हा सर्व माल गिरणीपर्यंत, डेपोपर्यंत किंवा रेल्वेच्या धक्क्यापर्यंत आणण्याचे काम ट्रकचे. येथे कोणी ट्रक म्हणत नाही. 'गाडी' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ती मोटार नव्हे हे सांगावे लागत नाही.

येथील एका धान-व्यापारी घराण्याची पहिली गाडी जिल्ह्याएवढ्याच वयाची आहे. टाटा १२१० एसई, अर्ध्या नाकाची, म्हणजे इंजिनाचा निम्मा भाग बाहेर आणि निम्मा चालकाच्या मांडीशी. १२ हा एकूण वजनाचा टनांतील आकडा आणि १० म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती, असा त्या काळच्या क्रमांकांचा अर्थ लावला जाई. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार करून ट्रक बनवण्यास आरंभ केला. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये, तो करार संपला आणि तारकेच्या जागी 'टी' हे अक्षर आले. इंजिनाची मूळ ठेवण मात्र बराच काळ तीच राहिली. या गाडीतील इंजिनाचा क्रमांक ६९२ आहे. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ज्याने हे नाव ठेवले तो हिशेबी माणूस असला पाहिजे.

घराण्यात आज तिच्यासारख्या गाड्या नाहीत; नव्या गाड्या आहेत, त्यांचे हप्ते आहेत, त्यांचे संगणक आहेत. जुन्या गाडीची वहीतील किंमत नावालाच उरली. आजच्या १५ टक्के दराने घसारा धरला तर चाळीस वर्षांनी शंभर रुपयांचे १५ पैसे उरतात. याउलट पंधरा वर्षांवरील जड वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. घरातील मधल्या पिढीचे मत त्यामुळे सरळ होते, की गाडी भंगारात द्यावी आणि जागा मोकळी करावी. दादाजींनी या विषयावर कधी वाद घातला नाही. धानाच्या हंगामात ती गाडी बाहेर पडत असे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की वडशातील एखाद्या नाट्यमंडळाचे पडदे आणि रंगमंचाचे सामान घेऊन रात्री खेड्याकडे जात असे. ती कमावते तोपर्यंत तिच्याविषयी बोलण्याचे कारण नाही, असे त्यांचे धोरण.

प्रश्न उपस्थित झाला तो मॅनिफोल्डला तडा गेल्यामुळे. सहाही सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र गोळा करून खालच्या पाइपात सोडणारे ते बिडाचे ओतीव अंग. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन त्याचे शेवटचे टोक उलले. नागपुरास यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण करून परतलेल्या नातवाने ही संधी मानली. त्याने सुचवले की बिडाचे मॅनिफोल्ड परत बसवण्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे हेडर करून घ्यावे: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, सहाही नळ्या पुढे एका गळ्यात मिळालेल्या. शक्ती वाढेल, डिझेल वाचेल, आणि गाडी देखणी दिसेल. तिसरे कारण त्याने सर्वांत हळू आवाजात सांगितले, तरी मुख्य तेच असावे.

त्याचा उत्साह निराधार नव्हता. अमेरिकेत जुन्या शेव्हरोले आणि फोर्ड पिकअप गाड्यांत कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी बसवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हेडरचाच येतो. आखूड नळ्या घ्याव्यात की लांब? साधे पोलाद घ्यावे की स्टेनलेस? त्या गाड्यांत आणखी एक बाब पाहावी लागते. धुराच्या वाटेत ऑक्सिजन मोजणारा संवेदक असतो, तो तापल्याशिवाय काम करीत नाही. लांब नळ्यांमुळे तो इंजिनापासून दूर गेला तर उशिरा तापतो. म्हणून आतच तापवणी-तार असलेला संवेदक घ्यावा लागतो. त्याच्या आधी कोठे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला वाटते की मिश्रणात इंधन कमी आहे, आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. चकचकीत नळ्या बसवून गाडी अधिक पिऊ लागली अशी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा एखाद्या ढिल्या जोडात असते.

वडशाच्या गाडीत यातले काही नाही. तरीही ती इंधन-फवारणीचीच गाडी आहे, किंबहुना जन्मापासून. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच. पंप दाब देतो आणि नोझल सिलिंडरमध्ये फवारा सोडते. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप आणि नोझल यांवर देशातील ट्रकांच्या पिढ्या चालल्या. वडशाचे मिस्त्री आजही 'मायको' हा शब्द कंपनीचे नाव म्हणून नव्हे, तर पंपाला पर्याय म्हणून वापरतात. या पंपाला विचारणारा संगणक नाही. पायाखालची पट्टी जितकी दाबली जाईल आणि पंपावरील मर्यादेचा स्क्रू जितका परवानगी देईल, तितके डिझेल आत जाते. हवा पुरते की नाही हे तो पाहत नाही. हवा कमी पडली की काळा धूर. तो स्क्रू शिशाने सीलबंद केलेला असतो, आणि 'पंप वाढवून देतो' असे म्हणणारा कारागीर प्रथम ते सील तोडतो. ज्याने ते तोडू दिले त्याच्या गाडीला कोणतेही हेडर लावले तरी धूर काळाच राहणार.

नातवाने हिशेब मांडला, आणि येथे त्याच्या प्रामाणिकपणाची दखल घेतली पाहिजे, कारण तो हिशेब त्याच्याच मताविरुद्ध गेला. हेडरचे काम केवळ धुराला मोकळी वाट देणे एवढेच नसते. झडप उघडली की दाबाची लाट नळीतून धावते. नळी जेथे रुंद गळ्यात मिळते तेथून तिची उलट लाट परत येते. ही परतीची लाट झडप मिटण्याच्या सुमारास पोहोचली तर सिलिंडरमध्ये उरलेला धूर ती ओढून घेते आणि नव्या हवेला जागा होते. ती केव्हा पोहोचणार हे नळीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या गतीवर ठरते. पाच हजार फेऱ्यांवर पळणाऱ्या पेट्रोल इंजिनाला सुमारे ९० सेंटिमीटरची नळी पुरते. ती बॉनेटखाली वळवून बसवता येते. हे डिझेल इंजिन २८०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही. प्रचलित सूत्राने त्याला दीड मीटरहून लांब नळी लागते, आणि भरल्या गाडीने घाट चढताना, जेव्हा फेऱ्या दीड हजारांच्या आसपास असतात, तीन मीटरहून लांब. अशा सहा नळ्या. त्या ठेवायच्या तर चालकाला खाली उतरवावे लागेल.

आखूड नळ्यांचे हेडर मग काय देणार? थोडा मोकळेपणा. पण त्या इंजिनाचा श्वास मॅनिफोल्डने अडलेलाच नव्हता. दोन्ही बाजूंचे अडथळे वेगळे होते. आत येणारी हवा तेलाच्या भांड्यातून गाळली जाते, ते भांडे धानाच्या कोंड्याने आणि लाल धुळीने चिखलासारखे झाले होते. बाहेर जाणारा धूर ज्या सायलेन्सरमधून जातो, त्यात काजळीचा थर बसून मूळचे भोक निम्मे राहिले होते. दादाजींची या बाबतीत जुनी समजूत होती की इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, नाही तर ते 'पोकळ' होते. ही समजूत वडशापासून नागपूरपर्यंत प्रत्येक गॅरेजात आढळते आणि ती चुकीची आहे. कोणत्याही इंजिनाला मागचा दाब हवासा नसतो. फार रुंद नळी लावली की धुराचा वेग मंदावतो आणि ओढ कमी होते, त्याचे खापर लोक दाब नसण्यावर फोडतात.

धातूची गोष्ट अधिक बोलकी होती. भरल्या डिझेल इंजिनाचा धूर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापू शकतो. सहा सिलिंडरांच्या डोक्याला समांतर बसलेले अंग सुमारे ७० सेंटिमीटर लांब धरले आणि धातू ५०० अंशांनी तापला असे मानले, तर बीड जवळपास ४ मिलिमीटर वाढते. नेहमीचे स्टेनलेस ६ मिलिमीटर. डोके तेवढे तापत नाही, म्हणून वाढत नाही. मध्ये अडकतात ते बोल्ट आणि पॅकिंग. हेडरच करायचे असेल तर सहा तोंडांची एकसंध पट्टी कधीही घेऊ नये, प्रत्येक तोंडाची पट्टी वेगळी असावी किंवा मध्ये करवतीने चीर द्यावी. नळीची जाडी २ मिलिमीटरच्या खाली नसावी. तोंडाचा व्यास डोक्यावरील भोकापेक्षा लहान मुळीच नको आणि फार मोठाही नको. सहा नळ्या एकाच गळ्यात आणण्यापेक्षा पुढच्या तीन आणि मागच्या तीन अशा दोन गटांत आणाव्यात. अशा इंजिनात पेट घेण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असतो, त्यामुळे प्रत्येक गटात दोन धुरांमध्ये सारखे अंतर पडते आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. टर्बो असलेल्या गाडीत हा सगळा विचार बाजूला पडतो. तेथे धुराची उष्णता टर्बोपर्यंत टिकवायची असते आणि त्यासाठी आखूड, जाड बीड उत्तम.

कायद्याचा भागही पाहिला गेला. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. ध्वनी आणि धुराची मर्यादा ओलांडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय नियमांत याहून बारीक गोष्टी आहेत: धुराचे तोंड खाली किंवा डाव्या बाजूस नसावे, आणि इंजिनाकडे येणाऱ्या इंधनाच्या नळीपासून धुराचा पाइप ३५ मिलिमीटरच्या आत नसावा. आखूड हेडर करणारे कारागीर हा शेवटचा नियम नेमका मोडतात, कारण वळण घ्यायला जागा नसते. तापलेल्या नळीशेजारी डिझेलची नळी आणि मागे पेंढ्यात बांधलेले सामान, हे दृश्य ज्याला विम्याचा दावा लिहावा लागतो त्यालाच पूर्ण दिसते.

एवढे झाल्यावरही निर्णय झाला नव्हता. मधल्या पिढीचे भंगाराचे मत कायम होते. तुटलेले मॅनिफोल्ड झाळून काम भागवावे, एवढीच त्यांची तयारी. नातू मनाने अजून स्टेनलेसपाशी होता. तो गाडीबरोबर एका फेरीला गेला तो केवळ तापमान मोजण्यासाठी. कोरचीहून धान भरून परत येताना बेडगाव घाटात चालकाने खिडकीची काच पूर्ण खाली केली. डिसेंबरची रात्र होती. नातवाने थंडीमुळे काच लावण्यास सांगितले, तेव्हा चालक म्हणाला, "नाही जी, भाऊ. काच लावली का डोळे चुरचुरतात. घाटात तर दिसतच नाही."

गाडीच्या नाकाचा निम्मा भाग आत असल्यामुळे तड्यातून आणि पॅकिंगच्या कडेने निसटणारा धूर झाकणाच्या फटीतून थेट चालकाच्या तोंडाशी येत होता. सकाळी गॅरेजात तो दिसत नसे. इंजिन थंड असताना 'टिक टिक' असा आवाज येतो, धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज जातो. मिस्त्री म्हणतो, आता बंद झाला. घाटात पूर्ण भार पडला की ती पुन्हा उघडते, पण तेथे मिस्त्री नसतो. झाकण उचलून पाहिले तेव्हा पॅकिंगच्या कडेने काजळीची रेघ स्पष्ट होती. चालकाने आपली तक्रार दोन हंगामांपूर्वी पेढीवर सांगितली होती. गाडीचा लिटरमागे मैलाचा हिशेब बिघडला नव्हता, म्हणून ती वहीत कोठेच उतरली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मनुष्याला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात घातले. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. पेढीवर विडी ओढू न देणाऱ्या घराला ही यादी वाचून दाखवण्याची वेळ नातवावर आली. त्याने ती वाचली आणि दादाजींना विचारले, "दादाजी, चालकभाऊंना या गाडीवर किती वर्षे झाली?" दादाजींनी आकडा सांगितला नाही. ते म्हणाले, "उद्या गाडी सोडू नको. नाटकवाल्यांना दुसरी दे."

यानंतर निवडीला फारसा वेळ लागला नाही, कारण प्रश्नच बदलला होता. कोणत्या नळीने शक्ती वाढेल हे पाहायचे नव्हते, कोणत्या जोडातून धूर सुटणार नाही हे पाहायचे होते. झाळण्याचा पर्याय प्रथम बाद झाला. बीड झाळायचे तर ते अगोदर तापवावे लागते, निकेलची कांडी लागते आणि राखेत ठेवून सावकाश थंड करावे लागते. हे करणारे हात वडशात आहेत, पण जुन्या, काजळी मुरलेल्या बिडात शेजारीच नवा तडा जाण्याचा संभव राहतोच. भंगार बाजारातील जुने मॅनिफोल्ड स्वस्त. त्याचे किती आयुष्य उरले आहे हे मात्र विकणाराही जाणत नाही. स्टेनलेसच्या हेडरचा अंदाज नव्या ओतीव मॅनिफोल्डच्या कितीतरी पट निघाला, आणि त्यात जोड सर्वांत जास्त. सहा नळ्या, बारा टोके, प्रत्येक झाळणीवर घाटाचे हादरे. नातवाने स्वतःच तो कागद घडी करून ठेवला.

शेवटी नवे बिडाचे मॅनिफोल्ड आणले गेले. त्याचा पृष्ठभाग बसवण्यापूर्वी सपाट करून घेतला. नवे ओतीवही किंचित वाकडे असते, आणि हा खर्च वाचवणारा पुढच्या वर्षी पॅकिंगचा खर्च करतो. डोक्यातील जुने गंजलेले स्टड काढताना दोन तुटले आणि ते भोक पाडून काढण्यात पूर्ण दिवस गेला. पॅकिंग सहाही नवी. बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे आवळले, एकदा थंड असताना आणि पहिल्या फेरीनंतर गाडी निवल्यावर परत. खालचा पाइप आणि सायलेन्सर नवा घातला, आणि त्यांच्यामध्ये लवचिक तुकडा, म्हणजे इंजिन हलले तरी ताण मॅनिफोल्डवर येत नाही. हवेचे भांडे रॉकेलने धुऊन तेल बदलले. नोझल काढून तपासली. दोन ठिबकत होती. पंपाचे सील शाबूत निघाले, हे चालकाच्या बाजूचे प्रमाणपत्र होते.

मधल्या पिढीने हा खर्च भांडवली की महसुली असे विचारले. चालू दुरुस्ती असल्यामुळे तो त्याच वर्षी खर्ची पडतो. गाडीचे आयुष्य वा स्वरूप यामुळे बदललेले नाही. हेडर बसवले असते तर या उत्तराला थोडा विचार करावा लागला असता.

योग्यता तपासणीत जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची आहे. यंत्राचा काटा तिच्याखाली बराच थांबला. पूर्वीचा आकडा कोणी जपून ठेवला नसल्याने तुलना करता आली नाही. चालकाने घाटात काच लावून पाहिली आणि ठीक आहे असे सांगितले. मात्र इंजिनाच्या झाकणाखालचा जुना नमदा जळून गेला आहे, मांडीला चटके बसतात, तोही बदलायचा होता याची त्याने आठवण करून दिली. नमदा नागपूरहून यायचा आहे. तोपर्यंत नातवाने तेथे गोणपाटाची चौपदरी घडी घालण्यास मनाई केली, कारण गोणपाट पेटते. आणि गाडी त्या आठवड्यात फक्त गिरणी ते रेल्वेचा धक्का एवढ्याच फेऱ्या करीत राहिली.